काड्या दोन, तरी आवाज का पोचत नाही?

प्रश्न : आमची वाडी टॉवरपासून तीन किलोमीटरवर आहे. रेंजच्या दोन काड्या दिसतात. समोरच्याचं बोलणं मला नीट ऐकू येतं, पण माझं त्याला तुटक जातं, आणि फोन तापतो तो वेगळाच. आता 6जीच्या बातम्या वाचतो. हे संशोधन शहरांसाठीच चालतं का? – एक वाचक, ता. अकोले

उत्तर : मी बावीस वर्षं अभियांत्रिकीच्या मुलांना रेडिओ संदेशवहन शिकवलं, पण ही अडचण इतक्या नेमकेपणाने क्वचितच कुणी सांगितली. टॉवरचं तुमच्यापर्यंत किती येतं, एवढंच काड्या दाखवतात. तुमचं टॉवरपर्यंत किती जातं, ते त्यांना कळतच नाही. टॉवर कितीतरी वॅटने बोलतो, खिशातला फोन जास्तीत जास्त 200 मिलिवॅटच्या आसपास. वाडीतून टॉवर गाठायला तो सतत सगळा जोर लावतो, म्हणून तापतो.

आता संशोधनाचं. तुमची शंका रास्त आहे. 5जीची परीक्षा कशी घ्यायची हे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघात ठरत होतं, तेव्हा ग्रामीण भागासाठी दोन टॉवरमधलं अंतर धरलं होतं 1,732 मीटर. आपल्याकडे तेव्हा फायबर येणार होतं ग्रामपंचायतीपर्यंत, टॉवरही तिथेच, आणि वाड्या विखुरलेल्या. टीएसडीएसआय या आपल्या मानक संस्थेमार्फत भारतीय संशोधकांनी हे तिथे लावून धरलं. 2017 मध्ये 700 मेगाहर्ट्झवर, टॉवरमधलं अंतर 6 किलोमीटर आणि माणूस पायी चालणारा, अशी चाचणी त्या नियमांत आली. अंतर जवळपास साडेतीन पट झालं की मोकळ्या हवेतसुद्धा संदेशाची ताकद बाराव्या हिश्श्यावर येते. तुमच्या डोंगरात त्याहून कमी. तुमच्या वाडीसारख्या जागेचा हिशेब नियमात लिहिला गेला, हे मला या सगळ्या कामात सर्वांत मोलाचं वाटतं.

मग उपाय शोधला आयआयटी हैदराबाद, आयआयटी मद्रास आणि सीईडब्ल्यूआयटी ही चेन्नईची वायरलेस संशोधन संस्था यांच्या मंडळींनी. फोनचा संदेश अनेक लहरी मिळून बनतो. ढोलपथकात सगळ्यांची टिपरू अवचित एकाच क्षणी पडली की आवाज कसा उसळतो, तशा या लहरीही मध्येच उसळतात. त्या उसळीसाठी फोनच्या अँप्लिफायरला, म्हणजे संदेशाला जोर देणाऱ्या भागाला, जागा राखावी लागते, म्हणून तो एरवी हात आखडून चालतो. पाय-बाय-टू बीपीएसके या पद्धतीत लहरीला नीट आकार दिला की उंची जवळजवळ सपाट राहते आणि अँप्लिफायर पूर्ण ताकदीच्या जवळ चालवता येतो. वेग कमी मिळतो, पण बोलणं पोचतं. हे 5जीआय या नावाने 2021 मध्ये जागतिक मानकांत गेलं. वेगळं मानक म्हणजे वेगळे, महाग फोन, ही भीती होती. म्हणून त्याच वर्षाअखेरीस ते 3जीपीपी या मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या जागतिक संघटनेच्या सामाईक मानकात मिसळायचं ठरलं. मला तो निर्णय योग्य वाटतो. वाडीवरचा फोन स्वस्तच असायला हवा.

अशी कामं एका प्रयोगशाळेत उरकत नाहीत. देशी 5जी टेस्टबेडसाठी, म्हणजे 5जीची उपकरणं तपासून बघायच्या सुविधेसाठी, आठ संस्था एकत्र आल्या होत्या. त्यांतल्या आयआयटी मुंबई आणि समीर ही सरकारी संशोधन संस्था या दोन तर पवईतल्याच. 17 मे 2022 ला ती सुविधा खुली झाली. 6जीसाठी दूरसंचार संघाने 2023 मध्ये जो आराखडा मान्य केला, त्यात सर्वदूर जोडणी हा वापराचा वेगळा प्रकारच धरला आहे.

पण तुम्हाला फोन आज लावायचाय. फोनमध्ये 5जी चालू असेल तर बंद करून 4जीवर बघा. 4जी बऱ्याचदा कमी फ्रिक्वेन्सीवर असतं, आणि कमी फ्रिक्वेन्सीची लहर लांब जाते. घरात ब्रॉडबँड असेल तर वाय-फाय कॉलिंग सुरू करा, म्हणजे बोलणं टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून जाईल. आणि अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिम स्टेटस उघडलंत की सिग्नलची ताकद सांगणारा डीबीएम आकडा दिसेल. अंगणात, माळ्यावर आणि बांधावर उभं राहून तो टिपा, आणि त्यातल्या कुठल्या जागेवरून तुमचं बोलणं पलीकडे नीट जातं तेही लिहा. मला कळवा, पुढच्या अंकात त्यावर बोलू.