७४एचसी१४ लाइट आल्यावर तापून जातो, तर सप्लायवर किती मायक्रोफॅरड वाढवू?

तुमचा प्रश्न असा : टाकीच्या पंप कंट्रोलरमधला ७४एचसी१४ (सिग्नल साफ करून उलटवणारे सहा गेट असलेला आयसी) लाइट जाऊन परत आली की कधीमधी चटका बसेल इतका तापतो, लॅचअपची (चिप आतून शॉर्टसारखी होऊन तशीच अडकण्याची) शंका आहे, तर ५ व्होल्टच्या रेलवर, म्हणजे सप्लायच्या लाइनवर, कपॅसिटर किती वाढवू?

एकही नको. पिनला चिकटून १०० नॅनोफॅरडचा एक्स७आर सिरॅमिक कपॅसिटर आहे ना? पुरे. ‘आयसी डुप्लिकेट असेल, दुसऱ्या लॉटचा लाव’ असं सांगणारा कुणीतरी तुम्हाला भेटला असणारच. त्याला एवढंच विचारा की लाइट गेलेली असताना त्या आयसीच्या इनपुटवर किती व्होल्ट असतात. त्याने ते मोजलेलं नसतं. मला या मंडळींचा भयंकर राग येतो, म्हणून हे लांबण लावतोय.

तुम्हीच लिहिलंय की फ्लोट सेन्सरचा डबा गच्चीवर आहे, त्याला स्वतःची बॅटरी आहे आणि १५ मीटर वायरने ५ व्होल्टचा सिग्नल खाली येतो. सगळी गोम तिथेच आहे. लाइट गेली की खालची रेल शून्याकडे निघते, वरचे ५ व्होल्ट मात्र तसेच. मग आयसीच्या आत इनपुटपासून सप्लायकडे असलेल्या प्रोटेक्शन डायोडमधून करंट व्हीसीसीवर (आयसीच्या सप्लाय पिनवर) चढतो आणि अख्खा बोर्ड एका पिनच्या जिवावर अर्धमेला तग धरून राहतो. लाइट नसताना एलईडी मिणमिणत असेल तर ही त्याचीच खूण. लाइट परत येते तेव्हा तो डायोड वाहत असतो, सबस्ट्रेटमध्ये (चिपच्या मूळ सिलिकॉनमध्ये) करंट घुसलेला असतो, आणि त्यातच रेग्युलेटर रेल झटक्यात वर खेचतो. चिपमध्ये नकळत तयार झालेला पीएनपीएन, म्हणजे थायरिस्टरसारखा स्विच, पेटायला आणखी काय हवं? पेटला की सिग्नल काढून विझत नाही. वॉचडॉगचा (प्रोग्रॅम अडकला तर तो पुन्हा सुरू करणाऱ्या टायमरचा) रीसेट त्याच्या गावीही नसतो. नुसता अॅडाप्टर उपटूनही कधीकधी भागत नाही, कारण सेन्सर मागच्या दाराने करंट पुरवतच असतो. दोन्ही बंद करावे लागतात.

म्हणजे सप्लायच्या आधी सिग्नल येता कामा नये आणि सप्लाय गेल्यावर तो मागे उरता कामा नये. सेन्सरच्या टोकाला एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर लावून आउटपुट ओपन कलेक्टर करा, म्हणजे तो वायर फक्त ग्राउंडला ओढेल, स्वतः व्होल्ट देणार नाही, आणि वायर वर ओढणारा ४.७ किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर खालच्या बोर्डाच्या व्हीसीसीला द्या. रेल गेली की सिग्नलही आपोआप गेला. लॉजिक उलटं होईल, ते कोडमध्ये निस्तरा.

शिवाय पिनच्या अलीकडे २.२ किलोओहम सिरीज लावाच. ५ व्होल्ट उलटे आले तरी डायोडमधून जेमतेम २ मिलिअँप जातील. एचसीची मर्यादा २० आहे. इनपुट पिन डीसी करंट जवळपास घेतच नाही, त्यामुळे लेव्हल बिघडत नाही. फिल्टरचा कपॅसिटर असेल तर तो रेझिस्टरच्या वायरकडच्या बाजूला ठेवा. थेट पिनवर ठेवला तर रेल पडताना तो भरलेला कपॅसिटर पिनमध्येच रिकामा होतो. ही चूक मी भल्याभल्यांच्या ड्रॉइंगमध्ये पाहिली आहे.

आता सप्लाय. तुमचा बोर्ड ६० मिलिअँप खातो आणि ७८०५ रेग्युलेटर एक अँपिअरच्या वर द्यायला तयार. लॅचअप झालेल्या चिपला जाळायला हे भरपूर आहे. पॉलीफ्यूज (तापल्यावर रेझिस्टन्स वाढवून करंट अडवणारा फ्यूज) तापेपर्यंत चिप गेलेली असते. १५० मिलिअँपच्या आसपास करंट लिमिट असलेला लोड स्विच (सप्लाय चालू-बंद करणारा आयसी) लावा, फॉल्ट आला की रेल पूर्ण बंद करणारा. काही जण आयसीच्या व्हीसीसीत १०० ओहम घालतात. चिप वाचते, पण आउटपुटवर ५ मिलिअँपचा लोड असेल तर अर्धा व्होल्ट तिथेच पडतो आणि ५ व्होल्टचं इनपुट व्हीसीसीच्या वर जाऊन बसतं. रोगापेक्षा औषध वाईट.

अॅडाप्टर चालू असताना जॅक खोचत असाल तर १२ व्होल्टच्या इनपुटला नुसते सिरॅमिक ठेवू नका. वायरच्या इंडक्टन्सशी ते रिंग होतात आणि जवळपास दुप्पट व्होल्टेज उसळू शकतं. शेजारी १०० मायक्रोफॅरडचा साधा इलेक्ट्रोलिटिक टाका, त्याचा ईएसआर (आतला रेझिस्टन्स) ही उसळी जिरवतो. कपॅसिटर वाढवायची एवढीच हौस असेल तर ती इथे भागवा.

खात्री करायची तर स्कोपचं एक चॅनल व्हीसीसीच्या पिनवर, दुसरं इनपुटच्या पिनवर, प्रोबच्या ग्राउंडला लांब क्लिपऐवजी आखूड स्प्रिंग. व्हीसीसी पडताना सिंगल ट्रिगर (एकदाच पकडून थांबणारा), मग चढताना. इनपुट व्हीसीसीपेक्षा ०.५ व्होल्टहून जास्त वर गेलेलं दिसलं की पुरावा हातात आला.

आणि हो, हल्लीचे एचसी सहजासहजी लॅच होत नाहीत, तेव्हा आधी आउटपुट कुठे शॉर्ट नाही ना ते बघा. २.२ किलोओहमचा उपाय संथ सिग्नलपुरताच. २० मेगाहर्ट्झच्या लाइनवर तो चालणार नाही. बोर्ड नव्याने करणार असाल तर ७४एलव्हीसी१जी१४ घ्या. त्याच्या इनपुटपासून व्हीसीसीकडे डायोडच नाही, सप्लाय शून्य असतानाही ५.५ व्होल्ट चालतात. गेट एकच मिळतं, पण फ्लोटला तुम्हाला तेवढंच लागतंय.