मुलगी शिकवणं सोडून इन्स्ट्रक्शनल डिझायनर व्हायचं म्हणते

प्रश्न: मी बार्शीचा, एसटीतून वाहक म्हणून निवृत्त. मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी., बी.एड. कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. अभियोग्यता चाचणी दिली आहे, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलोय. आता म्हणते, इन्स्ट्रक्शनल डिझायनर व्हायचंय, म्हणजे संगणकावरचे प्रशिक्षणाचे धडे आखायचे. तिला ना चित्रकला येते, ना कोडिंग. पुण्यातला एक क्लास 80 हजार घेऊन नोकरीची हमी देतो. पैसे भरू का? आणि घरी बसून करायच्या नोकरीचा भरवसा काय?

उत्तर: नमस्कार. पैसे आत्ता भरू नका. ती हमी आधी लेखी मागा आणि खालच्या अटी शांतपणे वाचा.

चित्रकला आणि कोडिंगची काळजी सोडा. स्क्रीन सजवणारे वेगळे असतात, प्रोग्रॅम लिहिणारेही वेगळे. आयडी (इन्स्ट्रक्शनल डिझायनरला या क्षेत्रात सगळे असंच म्हणतात) ठरवतो ते हे: शिकणाऱ्याला नेमकं काय करता यायला हवं, ते आज का जमत नाही आणि कोणत्या सरावाने जमेल.

समजा, एका बँकेला नव्या कॅशियरना बनावट नोटांबद्दल शिकवायचंय. बँकेतले जाणकार अधिकारी, म्हणजे एसएमई, 80 स्लाइड्सचं पीपीटी पाठवतात. वॉटरमार्क, सुरक्षा धागा, नोटांचा इतिहास, परिपत्रकं, सगळं त्यात कोंबलेलं. नवखा आयडी त्यालाच रंगरंगोटी करून वर निवेदकाचा आवाज जोडतो. मुरलेला आयडी आधी फोन करून विचारतो, "माणसं चुकतात कुठे?" तेव्हा कळतं की नोट ओळखायला मशीन आहे, अडतं त्याच्या पुढे. समोर रोजचा किराणावाला उभा असतो. कॅशियरला संकोच वाटतो, तो हळूच नोट परत सरकवतो, "शेठ, ही राहू द्या, दुसरी द्या." नेमकं हेच करायचं नसतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बनावट नोट परत द्यायचीच नाही. शिक्का मारून जप्त करायची आणि ग्राहकाला पोच द्यायची. एका व्यवहारात अशा 4 पर्यंत नोटा निघाल्या तर महिनाअखेरीला पोलिसांना एकत्रित अहवाल जातो, 5 किंवा जास्त निघाल्या तर लगेच एफआयआरची कारवाई.

मग 80 स्लाइड्सच्या जागी सात-आठ मिनिटांचा प्रसंग उभा राहतो: काउंटर, वैतागलेला शेठ, मागची रांग आणि तीन पर्याय. तो आधी स्टोरीबोर्डवर लिहावा लागतो. दर स्क्रीनला काय दिसेल, काय ऐकू येईल, कुठे क्लिक करायचं, चुकलं तर काय सांगायचं, ग्राफिक्सवाल्याला काय सूचना. "चूक, पुन्हा प्रयत्न करा" कुणीही लिहील. "नोट शेठच्या खिशात परत गेली. ती आता दुसरीकडे चालवली जाऊ शकते, आणि चलनात आणल्याचा ठपका बँकेवर येईल" हे लिहायला काम समजून घ्यावं लागतं. माझ्या मते आयडीची परीक्षा या चुकीच्या पर्यायांवरच होते.

इथेच तुमच्या मुलीचं पारडं जड आहे. बी.एड.ला पाठ टाचणात उद्दिष्टं आणि स्पष्टीकरणं लिहून तिचे हात दुखले असतील. त्यामागचं ब्लूमचं शैक्षणिक उद्दिष्टांचं 1956 चं वर्गीकरण (2001 मध्ये सुधारलेलं) मुलाखतीत हमखास निघतं. ॲडी (विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन) ही कामाची पद्धत 1975 मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात अमेरिकी सैन्यासाठी तयार झाली. ती आठवडाभरात समजेल. खरं भांडवल म्हणजे तिने तपासलेले पेपर. पीएच 3 चं द्रावण पीएच 5 पेक्षा किती पट आम्लधर्मी, असं विचारलं की कुणी दुप्पट लिहितो, कुणाला 5 मोठा म्हणून तेच जास्त आम्ल वाटतं. उत्तर शंभरपट. असे चुकीचे पर्याय तिला बसल्या जागी सुचतील.

एक सवय मात्र मोडावी लागेल: सगळं सांगून टाकण्याची. आणि लिहिलेलं लाल होऊन चार-चार वेळा परत येतं, तेव्हा रुसून चालत नाही. इंग्रजीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बरंचसं काम इंग्रजीत चालतं. सफाईदार बोलणं नंतर आलं तरी चालेल. साधी, छोटी, बिनचूक वाक्यं लिहिता यायलाच हवीत.

भरवसा सरकारी नोकरीइतका नाही. 2020-21 मध्ये एडटेक, म्हणजे ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या कंपन्यांनी भराभर माणसं घेतली आणि 2022 पासून कपातही केली. बँका, औषध कंपन्या, कारखाने यांना मात्र नियमांपायी प्रशिक्षण द्यावंच लागतं. मला ती बाजू जास्त पक्की वाटते. एआय स्क्रिप्ट आणि आवाज मिनिटांत देतं, त्यामुळे नुसत्या स्लाइड्स भरणाऱ्यांचं कठीण आहे. माणसं कुठे चुकतात ते विचारणारा फोन अजून कुणीतरी करावाच लागतो.

आता तिने दोन नमुने तयार करावेत. पहिला पीएचवर, पाच मिनिटांचा. स्टोरीबोर्ड पॉवरपॉइंटमध्ये चालेल. मग आर्टिक्युलेट स्टोरीलाइन हे असे धडे बनवायचं सॉफ्टवेअर 30 दिवस मोफत वापरता येतं, त्यात बांधावा. तीन मुलांना करायला द्यावा, शेजारी गप्प बसून कोण कुठे अडतं ते टिपावं आणि धडा दुरुस्त करावा. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही पोर्टफोलिओत ठेवावेत. दुसऱ्या नमुन्याचे एसएमई तुम्हीच व्हा. नवा वाहक हिशेबात कुठे फसतो, हे तिला विचारू द्या. तुम्ही अख्खी नोकरी सांगत बसाल. त्यातलं काय गाळायचं हे तिला तुमच्यासमोर ठरवता आलं, तर तिला हे काम जमणार असं समजा.

पदवीच हवी असेल तर मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठात शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे चौकशी करा. पहिली नोकरी शक्यतो पुण्या-मुंबईत, ऑफिसात बसून करू द्या. शेजारच्या सीनियरचे रिव्ह्यू ऐकून जे शिकता येतं ते घरून मिळत नाही. तोवर तासिका चालू ठेवा, पोर्टलवरचा अर्जही राहू द्या.