बडोद्यातल्या चाळिशी-पन्नाशीतल्या चित्रकारांची चित्रं गुंतवणूक म्हणून घ्यावीत का?

घ्या, पण पाच-सात वर्षं अडकले तरी चालतील अशाच पैशांनी, कारण या चित्रकारांना गॅलरीत भाव मिळतो, तरी चित्र परत विकायला गेलं की गिऱ्हाईक मोजकंच असतं. इथल्या फाइन आर्ट्स कॉलेजच्या मंडळींची कामं मी फ्रेम करतो, म्हणून विकायला निघालेली चित्रं मागच्या बाजूनंही बघायला मिळतात. चित्र अस्सल आहे हे पटवायला नुसती सही पुरत नाही. बिल आणि गॅलरीचं प्रमाणपत्र जपून ठेवाच. बजेट कमी असेल तर एचिंग बघा, म्हणजे आम्लानं कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून कागदावर काढलेले छाप. खाली पेन्सिलीनं ५/२५ असेल, तर ती २५ प्रतींपैकी पाचवी. मात्र कागदाला आम्लमुक्त माउंट, म्हणजे फ्रेममधला आधाराचा पुठ्ठा, हवाच, इथल्या पावसाळ्यात बुरशी फार लवकर धरते. दोन वर्षांहून जास्त ठेवून विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के भांडवली कर लागतो, तोही हिशेबात धरा.