पोटाचे आजार पुस्तकात कळतात, वॉर्डात का ओळखता येत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की एमबीबीएसचं तिसरं वर्ष सुरू आहे, पचनसंस्था वाचून झाली आहे, पण रुग्ण ‘पोट दुखतंय’ म्हणाला की वीस आजार एकदम आठवतात आणि एकही पकडता येत नाही.

मी सोलापुरातच शिकले आणि इथेच पंचवीसेक वर्षं पोटं तपासतेय. पुस्तक आजाराच्या नावापासून सुरू होतं, रुग्ण मात्र ‘पित्ता’पासून, आणि घोळ तिथेच होतो. आमच्याकडे छातीत जळजळलं तर पित्त, डोकं दुखलं तर पित्त, अंगाला खाज सुटून गांधी आल्या तरी पित्तच उठलं. त्यात न बसणारं सगळं ‘गॅस’. हे शब्द केसपेपरवर जसेच्या तसे उतरवू नका. ‘पित्त होतं म्हणजे नक्की काय होतं?’ असं विचारा आणि गप्प बसा.

घशाशी आंबट येतं आणि आडवं झालं की वाढतं, असं सांगितलं तर ॲसिड वर येतंय. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येते, पाठीत खांद्याच्या पात्याकडे जाते, दोन-चार तासांनी आपोआप थांबते, तर पित्ताशयातले खडे शोधा. वरच्या पोटात सतत दुखतंय, थेट पाठीत घुसतंय, पुढे वाकून बसल्यावर जरा बरं वाटतंय आणि दारूची सवय आहे, तर स्वादुपिंडाला सूज असेल. अशा वेळी रक्तातलं लायपेज (स्वादुपिंडाचं एन्झाइम) नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट किंवा जास्त सापडलं की निदान जवळजवळ पक्कं. आणि जिना चढताना ‘गॅस’ होऊन थांबल्यावर जात असेल, तर पोट राहू द्या, आधी हृदयाचा ईसीजी काढा.

दुसरी गोष्ट क्रमाची. अपेंडिक्समध्ये बहुतेक वेळा दुखणं आधी बेंबीभोवती सुरू होतं, मग मळमळ-उलटी, मग दुखणं उजवीकडे खाली सरकतं. कारण समजलं की पाठ करावं लागत नाही. अपेंडिक्सच्या स्वतःच्या नसा नेमकी जागा सांगू शकत नाहीत, म्हणून मेंदूला ते बेंबीपाशी वाटतं. सूज बाहेर येऊन पोटाच्या अस्तराला लागली की जागा पक्की होते. आधी उलट्या-जुलाब आणि मग पोटदुखी असेल तर अपेंडिक्सची शंका कमी होते. भूक मेलेली असते हेही लक्षात ठेवा. कडक भाकरी-शेंगाचटणी मागणारा अपेंडिक्सचा रुग्ण मी क्वचितच पाहिलाय. गुण मोजायला १९८६ सालचा अल्वाराडो स्कोअर आहे, १० पैकी ७ किंवा जास्त आला तर सर्जनला बोलवा. पण अपेंडिक्स मोठ्या आतड्यामागे किंवा ओटीपोटात लपलेलं असेल तर पोट मऊ लागतं आणि स्कोअर फसवतो. मूल होण्याच्या वयातली बाई असेल तर गरोदरपणाची चाचणी न करता पुढे जायचंच नाही.

हात लावण्याआधी नुसतं बघा. मुतखड्याचा रुग्ण कॉटवर तळमळतो, कूस बदलतो. आतडं किंवा अल्सर फुटलेला रुग्ण निपचित पडून असतो, कॉटला धक्का लागला तरी कण्हतो. त्याचं पोट फळीसारखं कडक असतं, आणि उभ्याने काढलेल्या छातीच्या एक्स-रेत छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली बहुतेकदा हवा दिसते. तपासताना न दुखणाऱ्या बाजूने सुरुवात करा आणि नजर स्वतःच्या हातावर नको, रुग्णाच्या चेहऱ्यावर ठेवा.

आता माझी चूक. इंटर्नशिपमध्ये एका रात्री पासष्टीच्या आजी आल्या. दोन दिवस उलट्या, पोट फुगलेलं. घरचे म्हणाले, एकादशीला साबुदाणा जास्त झाला. मी ‘अजीर्ण’ लिहून सलाइन लावलं. आजींची नऊवारी, घट्ट काष्टा. मी स्वतः बाई असूनही संकोचले आणि बेंबीच्या खाली पाहिलंच नाही. वारा सरतोय का, हेही विचारलं नाही. सकाळी राउंडला मॅडमनी पडदा ओढायला लावला, काष्टा सोडवला, तर जांघेत लिंबाएवढी टणक गाठ. फिमोरल हर्नियात, म्हणजे जांघेच्या फटीतून बाहेर सरकून, आतडं अडकलं होतं. वीतभर आतडं काढावं लागलं. आजी वाचल्या, मॅडम मला एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. तेव्हापासून उलट्या आणि फुगलेलं पोट दिसलं की दोन्ही जांघा बघितल्याशिवाय मी निदान लिहीत नाही.

काविळीत तीन गोष्टी विचारा: लघवीचा रंग, शौचाचा रंग, खाज. भूक मेली, ताप येऊन गेला आणि मग डोळे पिवळे झाले, तर दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ए किंवा ई. गरोदर बाईला ई असेल तर ती फार धोक्याची, दाखल करा. शौच पांढुरकं आणि अंगभर खाज, तर पित्तनलिकेत अडथळा. त्यातही पित्ताशय हाताला लागतंय पण दुखत नाही, तर खड्यापेक्षा स्वादुपिंडाच्या कॅन्सरची शंका आधी घ्या.

उजवीकडे खाली गोळा, संध्याकाळचा बारीक ताप आणि उतरलेलं वजन दिसलं तर आपल्याकडे आतड्याचा टीबी मनात हवाच. क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) बायोप्सीशिवाय म्हणू नका. काळं शौच सांगितलं तर लोहाच्या गोळ्या चालू आहेत का ते विचारा, नसतील तर दुर्बिणीची तपासणी. आणि सोनोग्राफीत खडे दिसले म्हणजे दुखणं खड्यांचंच, असं नसतं. कित्येकांचे खडे जन्मभर मुके राहतात.

इथल्या वॉर्डात असाल तर ‘एल्लि नोवु?’ आणि ‘एक्कड नोप्पि?’ एवढं कानडी-तेलुगू तरी शिकून घ्या. दोन्हींचा अर्थ ‘कुठे दुखतं?’ उत्तर शब्दांत नाही कळलं तरी चालतं. एक बोट नेमकं टेकवलं, की सगळा तळवा पोटावर फिरवला, ते बघा.