वारलेल्या माणसाच्या कॅसिनो कार्डावरचे पॉइंट घरच्यांना मिळतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील पुण्याहून वरचेवर पणजीला जायचे, मांडवी नदीतल्या कॅसिनो बोटींवर खेळायचे. महिन्यापूर्वी ते वारले. पाकिटात तिथलं मेंबर कार्ड आणि लास वेगासच्या सीझर्स कॅसिनोचं सीझर्स रिवॉर्ड्स कार्ड (शिल्लक १८,००० क्रेडिट, म्हणजे त्यांचे पॉइंट) निघालं, कपाटात काही चिप्स (पैशांऐवजी खेळायला मिळणाऱ्या चकत्या) सापडल्या. हे सगळं आईच्या नावावर होईल का?

पॉइंट बहुतेक होणार नाहीत. चिप्स आणि कॅसिनोकडे जमा असलेला पैसा ही मात्र वेगळी गोष्ट आहे. आधी तिकडे बघा.

जवळपास प्रत्येक कॅसिनोच्या नियमावलीत लिहिलेलं असतं की पॉइंटला रोख किंमत नाही, ते दुसऱ्याला देता येत नाहीत आणि कंपनी ते कधीही रद्द करू शकते. म्हणजे ही वडिलांची मालमत्ता नव्हतीच, त्यांना दिलेली सवलत होती. मृत्युपत्रात पॉइंटचा उल्लेख असता तरी फरक पडला नसता. गोल्ड-प्लॅटिनम दर्जाही माणसाबरोबर संपतो, आणि त्यांच्या नावाची फुकट खोली बुक असेल तर तीही गेली, कारण चेक-इनला कार्डधारकच लागतो.

किमतीचाही अंदाज घ्या, म्हणजे धडपड कुठे करायची ते कळेल. सीझर्समध्ये खोली-जेवणासाठी साधारण १०० क्रेडिटचा १ डॉलर धरतात, म्हणजे १८,००० चे १८० डॉलर. स्लॉट मशीनवर ५ डॉलर फिरवले की १ क्रेडिट मिळतं. तेव्हा सगळं स्लॉटवर कमावलं असेल तर ९०,००० डॉलरचे डाव झालेत. (घाबरू नका, एवढे हरले असा अर्थ नाही. तेच पैसे पुन्हा पुन्हा फिरतात.) शिवाय सहा महिने खात्यावर काही हालचाल नसेल तर ही शिल्लक बाद होते. अमेरिकेशी पत्रव्यवहार, अपोस्टिल (कागदपत्रं परदेशात ग्राह्य धरली जावीत म्हणून लागणारा सरकारी शिक्का), कुरिअर हे सगळं १८० डॉलरच्या जेवणासाठी करण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

गोव्याच्या कार्डाबाबत एक प्रयत्न जरूर करा. वडिलांचा तिथे ठरलेला होस्ट (नेहमीच्या गिऱ्हाइकांची सोय बघणारा कॅसिनोचा माणूस) असेल, त्याचा नंबर त्यांच्या फोनमध्ये सापडेल. त्याला फोन करा आणि पॉइंट आईच्या नावावर वळवता येतात का, ते सरळ विचारा. जुन्या गिऱ्हाइकाच्या पत्नीला सौजन्य म्हणून काही दिलं तर मिळालं. हक्क म्हणून भांडू नका. पण फोन करण्याआधी वेबसाइटवरची नियमावली उतरवून ठेवा, खात्याच्या शिल्लकीची जी काही पत्रं-मेसेज आले असतील ते वेगळे काढा. मृत्यूची खबर दिली की खातं गोठतं, मग काही दिसत नाही.

वडिलांचं कार्ड आणि पिन वापरून पॉइंट गुपचूप उडवायचा विचार मनात असेल तर काढून टाका. कॅसिनोइतके कॅमेरे बँकेतसुद्धा नसतात. पकडलं गेलं की खातं बंद होतंच, वर तिथे जमा असलेल्या खऱ्या पैशाचं कामही अडतं.

आता खरा पैसा. चिप्सवर नाव नसतं, त्या कॅशियरकडे वटतात. पण ज्या कॅसिनोच्या आहेत तिथेच. पॅकेजबरोबर मिळणाऱ्या 'वन टाइम प्ले' चिप्स फक्त खेळायला चालतात, त्यांचे पैसे मिळत नाहीत. म्हणून चिपच्या दोन्ही बाजूंचे फोटो आधी पाठवून विचारा. चिप्सची जुनी मालिका कॅसिनो मुदत देऊन बंद करू शकतो, तेव्हा वर्षभर कपाटात ठेवू नका. बोटीवर चढायला पॅकेजचे पैसे पडतात, त्यामुळे नुसत्या चिप्स वटवायला कसं यायचं तेही फोनवरच ठरवा. किरकोळ रकमेसाठी पेट्रोल-टोल घालून पणजी गाठू नका.

खेळण्याआधी बँकेतून भरलेली आगाऊ रक्कम (फ्रंट मनी) आणि न वटवलेले चेक या दोन गोष्टी मात्र वारसांच्या. त्या शोधायला वडिलांच्या बँक स्टेटमेंटमध्ये कॅसिनो कंपनीकडे गेलेले आरटीजीएस बघा, आणि आयकराच्या २६एएसमध्ये (कापलेल्या कराचा वार्षिक उतारा) जिंकलेल्या रकमेवरच्या टीडीएसची नोंद. कोणत्या कंपनीने जिंकलेली रक्कम दिली ते तिथे उघड दिसतं.

कंपनी मागेल ते साधारण असं: मृत्यूचा दाखला (मृत्यू जिथे झाला त्या हद्दीचा, पिंपरीच्या रुग्णालयात झाला असेल तर तो पुणे महापालिकेत मिळणार नाही), आईचं केवायसी, बाकी वारसांची ना-हरकत, आणि ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला इंडेम्निटी बॉन्ड (पुढे दुसऱ्या कोणी दावा केला तर भरपाई देऊ, अशी हमी). रक्कम मोठी असेल तर शिवाजीनगर कोर्टातून वारसा प्रमाणपत्र लागेल, त्याला महिने जातात. सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. कार्डावर आद्याक्षरं, दाखल्यावर मधल्या नावासकट पूर्ण नाव, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या स्पेलिंगने. या सगळ्या नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र बॉन्डबरोबरच करून घ्या.

वकिलाची नोटीस पहिल्याच दिवशी धाडू नका. करार कायद्याचं कलम ३० सांगतं की पैजेत जिंकलेल्या किंवा खेळाच्या निकालावर सोपवलेल्या रकमेसाठी दावा चालत नाही, आणि कॅसिनोचा वकील ते पुढे करणारच. हेच कलम तुमच्याही कामाचं आहे. 'साहेबांनी उधारीवर चिप्स घेतल्या होत्या' असा फोन आला तर आईची सही कशावरही देऊ नका, लेखी हिशेब मागा. वडिलांचं देणं निघालंच, तरी वारसाची जबाबदारी मिळालेल्या वारशापुरतीच असते.

वारशाने आलेल्या पैशावर आईला कर नाही. मात्र हयातीत जिंकलेली रक्कम वडिलांच्या शेवटच्या विवरणपत्रात दाखवावी लागेल. त्यासाठी ई-फायलिंग पोर्टलवर आईची कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करा. आणि हे सगळं मिटेपर्यंत वडिलांचं सिमकार्ड बंद करू नका, कंपनीचे आणि बँकेचे मेसेज त्याच नंबरवर येत राहतील.