पोरी, पहिल्या पाळीला जाण्याआधी

आपल्या सोलापुरात काळ्या दगडाच्या खाणी नि खडी क्रशर. तू चाललीस चंद्रपूरला कोळशाच्या खाणीत. तिथं कुणीतरी म्हणेलच, “बाईला खाली बंदी आहे.” १९५२ च्या खाण कायद्यात होती. २०१९ ला तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी सूट मिळाली. त्यात अट अशी होती, की लेखी संमती हवी आणि एका पाळीत किमान तिघीजणी. सही करशील त्याची प्रत स्वतःकडं ठेव.

आणि बूट! मी क्रशरवर सहा महिने पुरुषी मापाचे बूट पुढं चिंध्या कोंबून वापरले. खडीच्या ढिगावरून घसरले, घोटा अजून दुखतो. मापाचे बूट पहिल्याच आठवड्यात लेखी माग. लाजू नकोस. संडास कुठाय, तेही आधी विचार. शेंगाचटणी भरपूर ने बघ.