उन्हाळा सरताना नर्सरीत ठेव ओतायची का? आधी वाफे मोजा

वाचकाचा प्रश्न: माझ्या नर्सरीत वापरातले वाफे ४५० चौरस मीटर आहेत. १५ सेंटिमीटरच्या ६,५०० कुंड्या आणि २० सेंटिमीटरच्या २,५०० कुंड्या भरलेल्या आहेत. मोठ्या कुंड्यांतला माल वर्षाहून जुना आहे. घर आणि नर्सरी मिळून ८ महिने चालेल एवढी ठेव आहे. सध्या विक्रीतून जेमतेम ४० टक्के खर्च निघतो. पुढच्या लागवडीच्या हंगामासाठी ६,००० प्लग रोपं (ट्रेच्या खणांत वाढवलेली कोवळी रोपं; ३ महिन्यांच्या खर्चाएवढी), कुंड्या आणि माध्यम, म्हणजे कुंडीत भरायचं मिश्रण (१ महिना), शेडनेट आणि स्प्रिंकलर (१ महिना) घ्यायचा विचार आहे. काळ अनिश्चित आहे, ठेकेदार ऑर्डरी पुढे ढकलताहेत. ठेव मोडू की तिच्यावर कर्ज काढू?

नमस्कार. ठेव मोडायची की कर्ज काढायचं, हे नंतर बघू. तुमच्या बेतात त्याआधीच एक अडचण आहे, आणि ती पैशाची नाही. नव्या रोपांना ठेवायला तुमच्याकडे जागाच नाही.

हिशेब मांडू. वाढत्या रोपाला हवा खेळायला हवी असेल तर १५ सेंटिमीटरच्या कुंड्या चौरस मीटरला साधारण २२ बसतात, २० च्या १७. म्हणजे लहान कुंड्यांनी २९५ आणि मोठ्यांनी १४७ चौरस मीटर अडवलेत. उरले ८. नव्या ६,००० रोपांना २७३ चौरस मीटर लागतील. जुना माल उद्या सगळा गेला तरी १५५ मोकळे होतात, त्यात ३,४०० रोपं मावतात. कुंडीला कुंडी चिकटवून ठेवली तर चौरस मीटरला ४४ बसतात, हे खरं. पण सहा-आठ आठवड्यांत पानं एकमेकांवर चढतात, रोपं उंच आणि बारीक होतात, आणि लाल कोळी ही बारीक कीड एका कोपऱ्यातून सगळ्या वाफ्यात पसरतो. दाटी करून सुटलेल्या जागेवर खरेदी उभारू नका.

आता पैसा. ८ पैकी ५ महिन्यांची रक्कम घातली की हातात ३ उरतात. विक्रीतून ४० टक्के निघत असेल तर दरमहा ०.६ महिन्याचा खर्च ठेवीतून जाईल, म्हणजे ३ भागिले ०.६, पाच महिने. प्लग रोप कुंडीत जाऊन विकण्याजोगं व्हायला १२ आठवडे धरा, त्यावर ठेकेदाराची ६० दिवसांची उधारी. तेही जवळपास पाच महिनेच. म्हणजे सगळं वेळेवर झालं तरच तुम्ही तरता. विक्री ४० वरून २० टक्क्यांवर आली तर ठेव पावणेचार महिन्यांत संपते, आणि माल तेव्हा नुकता विक्रीला आलेला असतो. अशा वेळी तो पडेल भावात जातो.

त्यामुळे ६,००० रोपांना माझं उत्तर नाही. २,००० ला हो, पण जुना माल हलल्यावर.

जुन्या २,५०० कुंड्यांकडेच तुमचं खरं भांडवल अडकलंय. प्रत्येक जातीच्या दहा-बारा कुंड्या उपड्या करून मुळं बघा. टोकं पांढरी आणि मुळांचा गोळा अखंड सुटत असेल तर माल विक्रीचा आहे. मुळं तळाशी वेटोळी घालून तपकिरी झाली असतील तर तो आणखी थांबणार नाही. मुळाची साल बोटानं निसटत असेल, वास येत असेल तर रोप फेकायचं. माध्यम पुन्हा वापरायचं नाही.

वेटोळ्या मुळांच्या दुसऱ्या गटाचा मोह सगळ्यात मोठा असतो: मोठ्या कुंडीत घालू, हंगामात पूर्ण भाव घेऊ. पूर्ण भाव १०० धरा. नवी कुंडी, माध्यम आणि बदलण्याची मजुरी १५. दहा आठवडे पाणी, खत, फवारणीचे २० (कायम कामगारांचा पगार यात धरू नका, तो तसाही जातो). मर, म्हणजे दगावणारी रोपं, १० टक्के. सगळी जगलेली रोपं विकली गेली तरी हातात येतात ९० वजा ३५, म्हणजे ५५. त्यातली ७० टक्केच विकली गेली तर २८. मग आज ६० ला जाणारं रोप आज सोडलेलं बरं, शिवाय वाफा मोकळा होतो. माझे १५ आणि २० हे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या वहीतले घाला. मर मात्र अंदाजानं लिहू नका, गेल्या वर्षी भरलेल्या कुंड्यांतून विकलेल्या आणि आज उभ्या असलेल्या वजा करून काढा. बहुतेकांना तो आकडा वाटतो त्यापेक्षा जास्त निघतो.

सूट सरसकट लावू नका. नेहमीच्या गिऱ्हाइकाला वाटतं, थांबलो तर आणखी उतरेल. जातीनुसार पाच-दहाचे गठ्ठे करून, रोख घेऊन द्या.

जुन्या झुडपांचा आणखी एक उपयोग आहे. उन्हाळ्याच्या शेवटी नव्या फुटीचं लाकूड अर्धपक्व (ना कोवळं, ना कडक) होतं आणि छाट कलमांना हीच वेळ असते. १० ते १५ सेंटिमीटरची काडी, खालची पानं काढून, १,००० ते ३,००० पीपीएम (दहा लाखांत तेवढे भाग) आयबीएत, म्हणजे मुळं फुटवणाऱ्या संप्रेरकात, बुडवून मिस्टखाली (धुक्यासारख्या बारीक फवाऱ्याखाली) लावली तर बऱ्याच झुडपांना तीन ते सहा आठवड्यांत मुळं येतात. एक हजार कलमं घरची झाली की तेवढी प्लग खरेदी टळते. रोगट आणि कोळी लागलेल्या झाडांच्या काड्या घेऊ नका. ज्या जातींवर पैदासकाराचे (जात तयार करणाऱ्याचे) हक्क आहेत त्यांची परवान्याशिवाय कलमं करून विकता येत नाहीत, हेही तपासा. आणि छाटणी व कुंडी बदलणं एकाच दिवशी, भर उन्हाच्या आठवड्यात नको.

शेडनेट घ्या. पानांच्या झाडांना ५० टक्क्यांची, उन्हातल्या फुलझाडांना ३० ते ३५ ची पुरे. उंची अडीच ते तीन मीटर ठेवा, खाली बांधली की गरम हवा कोंडते. पश्चिमेला पडदा हवाच. काळ्या कुंडीवर दुपारचं ऊन थेट पडलं की आतलं माध्यम ४५ अंशांच्या पुढे जातं आणि त्या बाजूची मुळं मरतात. पानं मात्र काही दिवसांनी झुकतात, आणि आपण आणखी पाणी घालतो.

स्प्रिंकलर नको. १५ सेंटिमीटरच्या कुंड्या चौरस मीटरला २२ असतील तर कुंड्यांचं तोंड जमिनीच्या ३९ टक्केच असतं. उरलेलं पाणी बहुतेक वाटेत पडतं. त्या पैशातून नव्या लॉटला, कुंड्या भरतानाच, ठिबक टाका. हळू सुटणारं खतही जपून: त्यावरचा महिन्यांचा आकडा बहुधा २१ अंश तापमान धरलेला असतो. ३० च्या पुढे ते बरंच आधी सुटून संपतं आणि क्षार साठून पानांच्या कडा करपतात. उन्हाचा जोर उतरल्यावरच माध्यमात मिसळा.

असं केलंत तर खर्च सुमारे २.३ महिन्यांचा होतो (२,००० प्लग रोपं १, त्यांच्या कुंड्या आणि माध्यम ०.३, शेडनेट आणि ठिबक १), ५.७ उरतात. विक्री २० टक्क्यांवर आली तरी सात महिने निघतात, त्यात जुन्या मालाचे पैसे धरलेलेच नाहीत. पुढचा लॉट दोन अटींवर: निम्मा जुना माल गेलेला असावा, आणि ठेकेदारानं ३० टक्के आगाऊ रक्कम दिलेली असावी. आगाऊ रकमेशिवाय आलेली ऑर्डर ही ऑर्डर समजू नका.

राहिली ठेव. घरखर्चाचे सहा महिने वेगळ्या खात्यात काढा, त्याला नर्सरीचा हात लागू द्यायचा नाही. बाकीतून वरचा खर्च करताना बँकेला दोन आकडे विचारा: मुदतीआधी मोडल्यास किती व्याज जाईल, आणि ठेवीवर ओव्हरड्राफ्ट (ठेव तारण ठेवून लागेल तेवढंच उचलायचं कर्ज) घेतल्यास किती पडेल. ओव्हरड्राफ्टवर वापरलेल्या रकमेचंच व्याज लागतं, त्यामुळे चार-पाच महिन्यांच्या गरजेला तो सहसा परवडतो. शेडनेट वर्षानुवर्षं टिकते, तिच्यासाठी ठेवीचा एक तुकडा मोडला तरी चालेल. तीन वर्षांच्या हप्त्याचं कर्ज काढून प्लग रोपं मात्र घेऊ नका. रोपं एका हंगामात विकली जातील किंवा मरतील, हप्ता तिन्ही वर्षं चालू राहील.